मदत हवी आहे : पिकअपच्या हौद्यात डिसेंबरची रात्र, सोबत दहा वर्षांची लेक

नमस्कार मंडळी,

आम्ही डेन्व्हरला असतो. २०१६ ची फोर्ड एफ-१५० आहे, साडेसहा फुटी हौद्याची. हौद्यावर आधीच्या मालकाने बसवलेलं फायबरचं टप आहे, इथे त्याला टॉपर म्हणतात. उन्हाळ्यात मागे गादी टाकून दोन-तीनदा झोपलो, छान झोप लागली. आता १३ डिसेंबरची रात्र त्याच हौद्यात काढायची आहे आणि थंडीचं गणित मला जमत नाहीये, म्हणून हा धागा.

कारण सांगते. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव, जेमिनिड्स, ऐन भरात असतो. गेल्या वर्षी शहराच्या उजेडात अंगणातून लेकीला जेमतेम चार उल्का दिसल्या. पुढच्या वर्षी खऱ्या अंधारात नेईन असा शब्द दिलाय तिला. मिरजेच्या घराच्या गच्चीवर माझ्या बाबांनी मला पुनर्वसूचे दोन तारे दाखवले होते. या उल्का त्या ताऱ्यांजवळूनच फुटल्यासारख्या दिसतात, त्यामुळे तेच दोन तारे तिलाही दाखवायची फार इच्छा आहे.

जागा ठरली आहे : युटामधलं कॅन्यनलँड्स नॅशनल पार्क, त्यातला आयलंड इन द स्काय हा भाग. तिथलं कॅम्पग्राउंड बारा जागांचं, वर्षभर उघडं, आधी येईल त्याला जागा. पाणी नाही, वीज नाही. उंची ६,००० फुटांच्या आसपास. रात्री उणे सहा-सात सेल्सियस नेहमीचंच, थंडीची लाट आली तर उणे पंधरा. नवऱ्याला त्या आठवड्यात रजा नाही, त्यामुळे आम्ही दोघीच.

गेल्या शनिवारी लेकीला आत्याकडे ठेवून नवरा आणि मी डोंगरात ८,५०० फुटांवर एक रात्र करून पाहिली. पारा उणे नऊवर गेला. रात्री एकला जाग आली ती पाठ आणि कंबर गारठल्यामुळे. वरून काही त्रास नव्हता, स्लीपिंग बॅगेवर दोन रजया घेतल्या होत्या. खालून मात्र लादीवर झोपल्यासारखं वाटत होतं, आणि खाली तर चांगली वीतभर जाडीची, पाहुण्यांसाठी असते ती हवा भरायची गादी होती. मग प्रोपेनचा छोटा हीटर लावला. तो दहा मिनिटांत आपोआप विझला. परत पेटवला, परत विझला. सकाळी पाहिलं तर टपाच्या आतल्या बाजूला सगळीकडे पांढरं दव गोठलेलं. ऊन आल्यावर ते वितळून आमच्या पिसांच्या बॅगांवर ठिबकायला लागलं. दुसरी रात्र काढायची असती तर त्या बॅगा काही कामाच्या उरल्या नव्हत्या.

बॅगांवर ० फॅरेनहाइट लिहिलंय, म्हणजे उणे १८ सेल्सियस. मग उणे नऊला थंडी का वाजावी? हीटर बदलून मोठा घ्यावा का? की इंजिन मधूनमधून चालू ठेवावं? आणि दव कसं थांबवायचं? मी एकटी असते तर थोडं सोसलं असतं. लेक बरोबर असताना चूक करायची नाहीये. "जाऊच नका" हे उत्तर असेल तर तेही सांगा, पण कारणासह.

कॅलगरीकर :

जाऊ शकता. तुमची चूक वर नाही, खाली आहे. मी इकडे नऊ वर्षं हिवाळ्यात गाडीत झोपतोय, पहिल्या वर्षी मीही नेमकं हेच केलं होतं.

स्लीपिंग बॅग स्वतः गरम नसते, अंगाची ऊब धरून ठेवते, तीही पिसं फुगलेली असतील तेवढीच. पाठीखालची पिसं वजनाने चेपून पापड होतात, तिथे काहीच अडवायला उरत नाही. पाहुण्यांच्या गादीत नुसती हवा असते, ती आतल्या आत फिरते आणि तुमची ऊब हौद्याच्या पत्र्याला नेऊन देते. तुमची एफ-१५० २०१५ नंतरची, म्हणजे हौदाही ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा तिप्पट-चौपट वेगाने उष्णता वाहून नेतं, आणि हौद्याखालून गार वारा सतत वाहत असतो. घराची जमीन निदान खालून वारा घेत नाही.

म्हणून ती गादी घरीच ठेवा. झोपायच्या मॅटवर 'आर-व्हॅल्यू' लिहिलेली असते, म्हणजे ती उष्णता किती अडवते त्याचा आकडा. तुमच्या थंडीला ५ च्या वर हवा, मी तर ७ धरतो. सोपी गोष्ट अशी की एकावर एक ठेवलं की हे आकडे बेरजेत जातात. घरबांधणीच्या दुकानात गुलाबी किंवा निळ्या फोमचे कडक तक्ते मिळतात, एक इंच जाडीला आर साधारण ५. हौद्याच्या मापाने कापून तळाशी पसरा, चाकांच्या कमानींच्या भोवतीही तुकडे खोचा, वर फोमची घडीची मॅट (आर २), आणि त्यावर हवेची चांगली, आत अस्तर असलेली मॅट. एवढ्यात बेरीज दहाच्या वर जाते. तक्त्यांचा खर्च एका जेवणाएवढा, पण फरक बाकी सगळ्यापेक्षा जास्त. चंदेरी बबलचा कागद थेट पत्र्यावर चिकटवू नका; त्याच्यासमोर हवेची पोकळी नसेल तर तो जवळजवळ काहीच करत नाही. टेलगेटच्या (हौद्याच्या मागच्या झडपेच्या) फटीत जुना टॉवेल कोंबा, तिथून येणारा वारा रात्रभर पायांना लागतो.

आता बॅगेवरचा आकडा. हल्लीच्या प्रमाणित बॅगांवर दोन तापमानं असतात : 'कम्फर्ट' आणि 'लिमिट'. मोठ्या अक्षरात बऱ्याचदा लिमिट छापतात. त्या तापमानाला पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढेल, एवढाच त्याचा अर्थ. बायकांनी कम्फर्ट बघायचा, तो पाच-सहा अंशांनी वरचा असतो. तुमच्या आतल्या लेबलवर शोधा. आणि वर जड रजया टाकू नका, वरची पिसंही दबतात.

हीटर बिघडलेला नाही. त्या छोट्या हीटरांत प्राणवायू कमी झाला की बंद करणारी कळ असते, आणि बरेचसे ७,००० फुटांवर हवा विरळ म्हणूनच विझतात. तुम्ही ८,५०० वर होतात. विझला ते बरं झालं. प्रोपेन जळला की पाणी तयार होतं : एका पौंडाच्या बाटलीतून पाऊण लिटर, सगळं वाफेच्या रूपात तुमच्या टपाखाली. दव तिथूनही आलं असणार.

सातारचा फौजी :

ताई, मी निवृत्त जवान. द्रास-कारगिल भागात दोन हिवाळे काढलेत. बाकीचं कॅलगरीच्या दादांनी सांगितलंय, मी फक्त एका गोष्टीवर बोलतो आणि ते आज्ञा समजून ऐका.

झोपताना आत काहीही पेटतं ठेवायचं नाही. हीटर नाही, स्टोव्ह नाही, कोळसा तर मुळीच नाही. प्राणवायू कमी झाला की बंद होणारी कळ कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही, हे लक्षात घ्या. त्या वायूला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतं. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं थकवा असेल. शेगडी ठेवून दार लावून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या आपल्याकडे उत्तरेतून दर हिवाळ्यात येतात, त्या याच वायूच्या. इंजिनाचंही तेच. सायलेन्सरचा धूर हौद्याच्या मागूनच निघतो, टेलगेटच्या फटीतून आत शिरतो, आणि बर्फाने नळी बुजली तर विचारूच नका. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घेऊन उशाशी ठेवा, काही पेटवणार नसलात तरी. शेजारची गाडी इंजिन चालू ठेवून झोपलेली असू शकते.

दुसरं, पाय. संध्याकाळी चालून आलेले मोजे अंगावर ठेवून झोपू नका. दिवसभरात जो घाम येतो तो जाणवत नाही, पण मोज्यात असतो. झोपायचे मोजे वेगळे, लोकरीचे, सैल. घट्ट मोज्यांनी रक्त अडतं. सुती बनियन, सुती पायजमा घरी ठेवा.

मूळ धागाकर्ती :

दोघांचेही मनापासून आभार. हीटर गाडीतून काढून गॅरेजमध्ये ठेवला. लेबल पाहिलं : लिमिट उणे १८, कम्फर्ट उणे ११. आता कळलं.

दोन शंका. आजोबांची जुनी घोंगडी माझ्याकडे आहे, मिरजेहून आणलेली, धनगरी, काळी. ती वर घेऊ की खाली? आणि हीटर नसेल तर उबेला काय?

कॅलगरीकर :

घोंगडी खाली, मॅटच्या वर, बॅगेच्या थेट खाली. चेपली तरी लोकरीत हवा राहते, आणि लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ओल पिऊनही अंगाला ओली लागत नाही.

उबेला गरम पाणी. कडक प्लॅस्टिकच्या रुंद तोंडाच्या लिटरच्या बाटल्या घ्या, स्टीलच्या दुहेरी भिंतीच्या नकोत, त्यांतून ऊब बाहेरच येत नाही. पाणी उकळून भरा, झाकण दोनदा तपासा, बाटली जाड मोज्यात घाला. मुलीच्या मांड्यांच्या मध्ये किंवा पोटाशी द्या, पायाशी दुसरी. मोजा हवाच, लहान मुलांची कातडी लवकर भाजते. चार-पाच तास सहज पुरते. स्टोव्ह बाहेर, टेलगेट उघडून, मोकळ्या हवेत. निव्वळ ब्युटेनची नळकांडी नेऊ नका. ब्युटेनची शून्याच्या आसपास वाफच होत नाही, स्टोव्ह पेटणार नाही. प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत चालतो.

पॉवर स्टेशन, म्हणजे उचलून नेता येणारी मोठी बॅटरी, असेल तर १२ व्होल्टची विजेची चादर पन्नास वॉटच्या आसपास खाते. ५०० वॉट-तासांवर रात्र निघते. पण ती आपत्कालीन म्हणून ठेवा, तिच्यावर बेत आखू नका.

दवाचं : उलटी गोष्ट करायची. टपाच्या समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या. श्वासातून रात्रभरात प्रत्येकीचं पेलाभर पाणी बाहेर पडतं, त्याला जायला वाट हवी. थंडी थोडी वाढेल, बॅग मात्र कोरडी राहील. लेक तोंड बॅगेच्या आत घेऊन झोपू नये, नाक बाहेर, लोकरीची कानटोपी आणि मफलर. आणि मोठ्यांच्या मापाची बॅग तिला असेल तर पायाकडची रिकामी जागा तुमच्या जादा कपड्यांनी भरा. लहान अंगाला ती पोकळी गरम करत बसावी लागते.

नक्षत्रवेडी :

एक वेगळाच मुद्दा. हौद्यातल्या झोपेपेक्षा तुमची कसोटी बाहेर आहे. टपातून आकाश दिसणार नाही, म्हणजे उणे सातमध्ये निश्चल पडून वर बघायचं. तेवढी थंडी झोपेतही वाजत नाही.

रात्री दोनला मुलीला उठवू नका. उल्कांचा उगमबिंदू दोनच्या सुमारास डोक्यावर येतो हे खरं, पण जेमिनिड्सची खासियत ही की मिथुन रास संध्याकाळीच उगवते. नऊपर्यंत पुनर्वसू पूर्वेला चांगला वर असतो. नऊ ते अकरा बघा, वीस मिनिटं बाहेर, दहा मिनिटं गाडीच्या केबिनमध्ये. सुरुवातीच्या उल्का कमी असल्या तरी लांबलचक, संथ, आकाशभर जाणाऱ्या असतात. लहान मुलांना त्याच आवडतात. बाहेर बसायला आरामखुर्ची आणि वेगळं पांघरूण न्या, झोपायच्या बॅगा बाहेर काढू नका, त्यांच्यावर दव धरतं.

अंधार पाचला पडतो आणि उजाडायला सात वाजतात, एवढी मोठी रात्र हौद्यात पडून काढणं मुलांना जड जातं. पत्ते आणि डोक्याला लावायचा लाल दिवा न्या. झोपण्याआधी तुपातले मेथीचे किंवा शेंगदाण्याचे लाडू द्या. पोटात स्निग्ध काही असलं की अंग रात्रभर तापतं. आणि बॅगेत शिरण्याआधी दहा-बारा सूर्यनमस्कार, घाम येणार नाही इतपत. बॅगेत गार अंगाने शिरलं की गारच राहतं.

मूळ धागाकर्ती :

सगळ्यांनी सांगितलं ते करून पाहिलं. काल रात्री आमच्या ड्राइव्हवेमध्येच, लेकीसह, घराचं दार वीस पावलांवर. तळाला इंचाचे गुलाबी तक्ते, फोमची मॅट, नवी हवेची मॅट, वर आजोबांची घोंगडी. पहाटे पाचला थर्मामीटर बाहेर उणे बारा, आत उणे आठ दाखवत होता. टपाला दव आलं, पण खिडकीजवळच्या हातभर पट्ट्यात. बॅगा कोरड्या.

लेकीला चारच्या सुमारास जाग आली, लघवीसाठी. घरात जाऊन आलो. कॅम्पग्राउंडवर दोनशे मीटरवर शौचालय असलं तरी रात्री मुलीला चालवणार नाही, त्यासाठी झाकणाची बादली हौद्यातच ठेवणार आहे. पायाशी दिलेली बाटली तोवर कोमट होती. तिची तक्रार एकच, नाक गार पडतं. मफलर झोपेत सरकतो, त्याऐवजी गळ्यात घालायची लोकरीची नळी आणली आहे.

मला मात्र पहाटे खांद्यांना थंडी वाजली. बॅगेच्या गळ्याची दोरी ओढली नव्हती. ती ओढल्यावर थांबली.

निघण्याचं असं ठरवलंय : १२ ला संध्याकाळी पार्कचं हवामान बघायचं. उणे अकराच्या खाली सांगत असेल तर मोआब गावात खोली घ्यायची, पाऊण तासाचं अंतर आहे, नऊला वर जाऊन अकरापर्यंत आकाश बघून खाली यायचं. वारा ताशी तीस किलोमीटरच्या वर असेल तरी तेच. रात्रीत लेक कुडकुडायला लागली, किंवा बोलणं अडखळायला लागलं, तर वाट न बघता केबिनमध्ये बसवून थेट मोआब. हे तिलाही समजावून सांगितलंय, आणि गाडीची किल्ली कुठे असेल तेही.

डेन्व्हरहून जाताना आय-७० महामार्गावर आयसेनहॉवर बोगद्याकडच्या चढावर बर्फाचे टायर असले तरी साखळ्या बरोबर ठेवाव्यात असं नवरा म्हणतो. एफ-१५० ला साखळ्या स्वतः चढवलेलं कोणी इथे असेल तर सांगा, मागच्या चाकांना की पुढच्या? आमची चारही चाकांना जोर देणारी आहे.