मे महिन्यात घरात बारा माणसं, नळ एक दिवसाआड, पाणी पुरवायचं कसं?

आगरातली
नमस्कार मंडळी. आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्राला लागून म्हटलं तरी चालेल. नळाला पाणी एक दिवसाआड येतं, तेही अर्धा-पाऊण तास. एरवी आम्ही चौघंच असतो त्यामुळे निभतं. पण मे महिन्यात मुंबईहून दोन्ही दीर, जावा, मुलं सगळी येतात आणि आम्ही बारा होतो. त्यांनी यावं असंच मनापासून वाटतं, वर्षातून एकदाच तर घर भरतं, पाण्यासाठी कोणाला नका येऊ म्हणणार नाही मी. वर हजार लिटरची टाकी आहे, खाली दोनशेचं पिंप. विहीर आहे पण एप्रिल संपेपर्यंत तिचा तळ दिसायला लागतो. परसात माड-पोफळी, त्यांचं पाणीही तोडून चालत नाही. ब्रश करताना नळ बंद ठेवा वगैरे नका सांगू प्लीज, आमच्याकडे तोंड तांब्यानेच धुतात. पाणी खरोखर जातं कुठे आणि कुठे वाचेल ते सांगा.

जांभ्याची वाडी
ताई आधी हिशोब करूया. टाकी आणि पिंप मिळून १२०० लिटर, ते दोन दिवस बारा जणांना, म्हणजे माणशी रोजचे ५० लिटर. जलजीवन मिशनने गावातल्या माणसासाठी धरलेलं माप ५५ लिटर आहे, म्हणजे तुम्ही फार मागे नाही, फक्त चांगलं पाणी नको तिथे जायला नको. आणि ते जातं संडासात. जुन्या फ्लशची टाकी एका वेळी दहा लिटर तरी ओतते. बारा माणसं दिवसातून चार-चार वेळा गेली तर ४८० लिटर, म्हणजे रोजच्या सहाशेतले जवळजवळ पाचशे तिथेच संपले! मे महिन्यापुरता फ्लशचा कॉक बंदच करा आणि संडासाबाहेर एक पिंप ठेवा, त्यात कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी आणि मोठ्यांच्या आंघोळीचं पाणी (मोठ्या घमेल्यात उभं राहून आंघोळ केली की आपोआप साठतं). अर्धी बादली जोरात ओतली की काम होतं. हे साबणाचं पाणी मात्र रोजच्या रोज संपवा, दुसऱ्या दिवशी वास मारतं. मुंबईची मुलं दोन दिवस कुरकुर करतील, मग त्यांनाच सवय होते.

माजघर
वरचं सगळं बरोबर, पण एका गोष्टीबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. नळ आला की बायका कालचं हंडा-कळशीतलं पाणी "शिळं झालं" म्हणून मोरीत ओतून देतात आणि ताजं भरतात. आमच्या वाडीत घरोघरी हेच चालतं आणि मला ते बघवत नाही, कारण त्याच वाडीत मे महिन्यात टँकरसाठी रांग लागते. स्वच्छ घासलेल्या, झाकलेल्या भांड्यातलं पाणी एका रात्रीत खराब होत नाही हो, लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढलं, हात बुडवला नाही तर आरामात टिकतं. ओतायचंच असेल तर निदान भांडी घासायला घ्या. फक्त आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतून खसखसून घासा आणि वर फडकं बांधा, डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचे डास होतात.

आणि भांडी नळाखाली नकोत, दोन टोपांत विसळा. तांदळाचं धुवण, भाजीचं पाणी, मासे धुतलेलं पाणी सगळं माडाच्या आळ्यात.

आगरातली
माजघर काकू, शिळ्या पाण्याचं अगदी खरं, सासूबाईंना आजच वाचून दाखवते. दोन प्रश्न राहिले. धाकटे दीर आरओ बसवून देतो म्हणतात, बसवावा का? आणि शेजारच्यांनी बोअर मारलीय तशी आम्हीही मारावी असं घरात चाललंय.

खाडीकाठ
आरओ नकोच. एक लिटर प्यायला देताना तो साधारण तीन लिटर बाहेर फेकतो. जांभ्यातलं (आपल्या लाल दगडातलं) पाणी मुळात हलकं, कमी क्षारांचं असतं, तुमच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, आधी मीटरने मोजा, मीटर स्वस्त मिळतो. ५०० च्या खाली असेल तिथे आरओ वापरू देऊ नये असं हरित लवादानेही २०१९ मध्ये म्हटलंय. नुसता यूव्ही फिल्टर घ्या किंवा उकळून प्या.

बोअरचं मात्र मी हात जोडून सांगतो, समुद्राजवळ असाल तर विचार करून मारा. जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, तव्यावरच्या पाण्यावर तेल तरंगावं तसं, आणि वरची गोड्याची पातळी एक फूट उतरली की खालचं खारं साधारण चाळीस फूट वर सरकू शकतं. पंप जोरात चालवला की आधी मचूळ, मग सरळ खारट. साबणाला फेस येईना झाला की समजायचं. एकदा खारं शिरलं की ते मागे जायला कित्येक पावसाळे लागतात आणि तुमच्याबरोबर शेजाऱ्याची विहीरही जाते.

जांभ्याची वाडी
खाडीकाठ दादांना शंभर टक्के अनुमोदन. त्या बोअरच्या पैशात छपराचं पाणी धरा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे ९३ चौरस मीटर आणि आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, गळती-उडती धरून दोन लाख लिटर तरी पागोळ्यांवाटे अंगणात पडून वहाळाला जातात! जांभा सच्छिद्र, उतारावरचं मुरलेलं पाणी दिवाळीनंतर झऱ्यांनी निघून जातं, म्हणून नुसतं जिरवण्यापेक्षा दहा-पंधरा हजार लिटरचा झाकलेला हौद आपल्याकडे जास्त कामाचा. तो सप्टेंबरात भरून बंद करा आणि मे महिन्याशिवाय उघडू नका. सुरुवातीचे दोन-तीन मोठे पाऊस सोडून द्या, छप्पर धुऊन निघू दे. सिमेंटचे पत्रे असतील तर ते पाणी पिऊ नका, वापरायला घ्या.

माडांसाठी, बुंध्याभोवती आळ्यात सोडणं (नारळाची सालं) उपडी मांडून वर जाड पातेरा (वाळका पाला) घाला, पाणी संध्याकाळी द्या. पोफळीची मुळं वरवर असतात, तिला थोडं-थोडं पण लवकर लवकर द्यावं लागतं. साबणाचं पाणी केळी-कर्दळीला, पोफळीला नको.

आगरातली
सगळ्यांचे मनापासून आभार. छप्पर कौलारू आहे आमचं. दिरांना सांगितलं, आरओचे पैसे पन्हळ आणि हौदाला द्या, ते हो म्हणालेत. पन्हळ लावणारा माणूस पाऊस तोंडावर आला की मिळत नाही म्हणून आत्ताच बोलावलाय.

माजघर
छान केलंस गो. पन्हळीच्या तोंडाशी जाळी लावून घे नक्की, नाहीतर पहिल्याच पावसात पातेऱ्याने पाइप तुंबेल.