गोळी किलोवर ठरत नाही, पण वजन आडवं येतेच
दादा, तुमच्या बाबांचं वजन ९४ किलो, बीपीची ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची एक गोळी आईले पुरते पण बाबांले पुरत नाही, म्हणून किलोच्या हिशोबानं डोस पाहिजे का असं विचारलं तुम्ही. मोठ्या माणसाले बीपीची गोळी तशी किलोवर मोजून देत नाहीत, लेकरांचं वेगळं. पण वजन आडवं येतेच, पोटाची चरबी वाढली की किडनी मीठ अन् पाणी धरून ठेवते, नसा आवळतात, मग एका गोळीनं भागत नाही, दोन-तीन लागतात. माह्या मामांचं तसंच झालं, अन् घोरणं असं की गोठ्यातला बैल उठून उभा राहे बाप्पा! घोरताना श्वास अडकत असन तर डॉक्टरले आधी ते सांगा, त्यानंही बीपी हटत नाही.

अन् बीपी मशीनचा दंडाले बांधायचा पट्टा पाहा. मामांच्या जाड दंडाले नेहमीचा लावला तर १६८ दाखवे, मोठा लावला तर १५२. गोळी वाढवायच्या आधी हे बघाच.

मग मामा वावरात पायी जाऊ लागले, लोणचं-पापड बंद, सात-आठ किलो उतरले. किलोमागं वरचा आकडा साधारण एखाद्या पॉइंटनं उतरते. मे महिन्यात खाटेवरून उठले अन् डोळ्यापुढं अंधारी, बीपी १०४! ऊन ४५ डिग्री, घाम चाललेला, अन् जुन्या गोळ्या, लघवी वाढवून पाणी काढणारी धरून, तशाच चालू. डॉक्टरनं ती लघवीची गोळी बंद केली. तुम्ही मात्र आपल्या मनानं काही बंद करू नका.