लहान मुलांना घेऊन केनियातल्या बालगृहात सेवेला जावं का? अनुभव असलेल्यांनी सांगा

मिरजेची_नर्स

जय ख्रिस्त. नमस्कार सगळ्यांना.

आम्ही मिरजेचे. मी स्टाफ नर्स, अकरा वर्षं नोकरी झाली, त्यातली सहा लहान मुलांच्या वॉर्डात. नवरा हायस्कूलला शिक्षक. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार. मंडळीच्या ओळखीतून पश्चिम केनियातल्या एका बालगृहाकडून बोलावणं आलंय. पन्नासेक मुलं आहेत, बऱ्याच जणांचे आईबाप एड्सने गेलेले, काही मुलं स्वतः पॉझिटिव्ह. यांनी कारभार बघायचा, मी मुलांची तब्येत. राहायचं आवारातच. तीन वर्षं.

लग्नाआधीपासून आम्ही दोघं यासाठी प्रार्थना करतोय, त्यामुळे मन तिकडेच ओढतंय. पण सासूबाई म्हणाल्या, "पन्नास पोरांची आई होशील, मग या दोघांची कोण होणार?" त्या दिवसापासून मला धड झोप नाही. पाळकसाहेब म्हणतात, देव बघून घेईल. माझाही तो विश्वास आहे. पण तिथे गेल्यावर रोजचा दिवस कसा असतो, आपल्या पोरांचं काय होतं, हे गेलेल्या माणसाकडून ऐकायचंय. कृपया लिहा.

कृष्णाकाठ

ताई, तुमच्या मनाबद्दल शंका नाही, तरी विचारतो. दर हंगामाला बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्याकडे येतात. त्यांची लहान लहान पोरं फडातच असतात, शाळा बुडते, लसी चुकतात. 2019 च्या पुरात मी निवारा केंद्रावर कामाला होतो, तिथे तापानं फणफणलेल्या मुलांना बघायला एक नर्स मिळेना. केनियाला जाणं चूक नाही. पण इथलंही काम एकदा बघून घ्या, मग ठरवा.

किसुमूहून_परत

बाळा, तुला "तू"च म्हणते. मीही मिरजेतच नर्सिंग शिकले. 2009 च्या जानेवारीत आम्ही चौघं पश्चिम केनियातल्या किसुमू शहराजवळ अशाच एका बालगृहात गेलो आणि 2018 च्या डिसेंबरात परत आलो. जाताना लेक सात वर्षांची होती, मुलगा तीन. तुझ्यासारखंच. लेक आता कोल्हापुरात नोकरी करते. हे सगळं तिला विचारून लिहितेय. रांगेची गोष्ट लिही, असं तिनंच सांगितलं.

आधी तीच सांगते. आमच्याकडे चौदा मुलं एचआयव्हीच्या गोळ्या-औषधांवर होती. ते औषध रोज ठरल्या वेळीच द्यावं लागतं, एकही दिवस चुकवून चालत नाही. सकाळी सात आणि संध्याकाळी सात. मोठ्यांना गोळ्या, अगदी लहानांना लोपिनावीर-रिटोनावीरचं सिरप. ते इतकं कडू की पोरं बाटली बघूनच तोंड मिटून घ्यायची. किसुमूच्या आजूबाजूला सांगलीसारखाच उसाचा पट्टा आहे, तिथे गूळ मिळतो, त्याला "सुकारी न्गुरू" म्हणतात. शेंगदाणेही भरपूर. मी शेंगदाणे भाजून, गूळ घालून अगदी मऊ लाडू वळायचे. आधी जिभेला जरा लाडू, मग सिरप, मग परत लाडू. एकेकाला मांडीवर घ्यायचं, पाठीवरून हात फिरवायचा, गिळलं की नाही बघायचं. वहीत खूण करायची. चौदा जणांचं होईपर्यंत पाऊण तास जायचा.

जाऊन सातआठ महिने झाले असतील. एका संध्याकाळी चौदावं पोर उठलं, वही मिटणार तोच समोर माझी लेक उभी. रांगेत सगळ्यांच्या मागे उभी राहून नंबर लावून आलेली. हात पुढे केलेला. म्हणाली, "मम्मी, मला पण औषध दे ना."

तिला लाडू नको होता. आमच्या घरात डब्यात लाडू असायचेच. तिला मांडी हवी होती. आठ महिन्यांत तिनं एवढंच शिकलं होतं, की मम्मीजवळ बसायला मिळायचं तर रांगेत उभं राहावं लागतं आणि आजारी असावं लागतं.

त्या रात्री मी आणि हे बराच वेळ बोललो नाही. मग दुसऱ्या दिवसापासून एक नियम केला: औषधं झाली की आमच्या घराचं दार लावायचं, साडेआठपर्यंत. कुणाला ताप असला तरच उघडायचं. बालगृहातल्या मावश्यांना, म्हणजे तिथल्या बायकांना, सगळं शिकवून ठेवलं. मला आधी वाटायचं, दार लावणं म्हणजे सेवेत कमी पडणं. आज सांगते, ते दार पहिल्या दिवसापासून लावायला हवं होतं. घर आवारातच देतायत ना? मग वेगळं दार, वेगळी चूल आणि आठवड्यातला एक पूर्ण दिवस बाहेर, हे जायच्या आधीच लिहून घे. तिथे गेल्यावर मागायला जीभ उचलत नाही.

शाळेचं. आम्हाला बऱ्याच जणांनी सुचवलं की मुलांना किजाबेच्या निवासी शाळेत घाला. 1906 पासूनची मिशनऱ्यांच्या मुलांची शाळा, नाव चांगलं. आम्ही नाही घातलं. त्याला कारण माझी आजी. ती मिरजेच्या मिशन बंगल्यात आया होती. तिकडच्या मिशनरी कुटुंबांची मुलं कोडाईकनालच्या शाळेत जायची, ती शाळा 1901 ची. आजी सांगायची, ट्रंक भरताना मडम एकच फ्रॉक तीन-तीनदा घडी घालायची. दिवसभर दवाखान्यात लोकांच्या पोरांना जवळ घेणारी बाई, आणि स्वतःचं पोर सात-आठ महिने डोंगरावर. आजीनं कधी कुणाला नावं ठेवली नाहीत, पण ती घडी ती आम्हाला हातानं करून दाखवायची. तेव्हा आमची दोघं किसुमूच्या शाळेत जाऊन-येऊन शिकली. तिथे शाळेचं वर्ष जानेवारीला सुरू होतं, परत येताना आपल्या जूनशी त्याचा मेळ बसत नाही. लेकीचं अर्धं वर्ष गेलं आणि मराठी लिहायचं राहूनच गेलं. रोज एक पान तरी लिहून घे. आजी-आजोबांशी फोनही ठरवून. आपण त्यांच्या अडीच तास पुढे. तिथे तुझं काम आटोपेपर्यंत मिरजेत साडेदहा वाजतात, म्हातारी माणसं झोपलेली असतात.

आता बालगृहाच्या मुलांबद्दल. गेल्या गेल्या मला फार भरून आलं होतं. कोणीही पाहुणा गाडीतून उतरला की ही पोरं धावत जाऊन त्याच्या मांडीवर बसायची, गळ्यात पडायची. वाटलं, किती प्रेमळ लेकरं. तिथली सोशल वर्कर, तिथल्याच लुओ जमातीची बाई, शांतपणे म्हणाली, "तुझा मुलगा अनोळखी माणसाच्या मांडीवर असा बसतो का?" नाही बसत. तो आधी माझ्या मागे लपतो. मला तेव्हा कळलं. दर सुट्टीत परदेशातून गट यायचे, दोन आठवडे खेळायचे, फोटो काढायचे, रडत निघून जायचे. पोरांनी शिकून घेतलं होतं की जो येईल त्याला धरायचं, कारण तो राहणार नाहीये. आणि आम्हीही तीन वर्षांच्या करारावरच आलो होतो.

त्याच बाईनं आम्हाला कामाची दिशा दिली. तिनं एकेकाची फाईल काढली. "अनाथ" लिहिलेल्या कितीतरी मुलांना आजी होती, काका होता, काहींना तर आई होती. सहा वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या आजीला शोधत आम्ही व्हिक्टोरिया तळ्याकाठच्या गावाला गेलो. पत्र्याचं घर, दारात ताडपत्रीवर ओमेना वाळत घातलेले, आपल्या सुकटीसारखे बारीक चांदीच्या रंगाचे मासे. म्हातारी तेच विकायची. तिनं नातवाला बालगृहात दिलं होतं ते शाळेचा गणवेश आणि औषधाला लागणारं भाडं परवडत नव्हतं म्हणून. आमच्या आवारात त्या पोरावर महिन्याला जेवढा खर्च व्हायचा, त्याच्या चौथाईत आजीच्या घरी सगळं भागलं असतं. बाहेरच्या देणगीदारांना हे पटवायला आमची दोन वर्षं गेली. मुलं कमी झाली तर देणगी कमी होईल, अशी भीती होती. पण पटलं. आम्ही निघालो तेव्हा आवारात एकोणीस मुलं उरली होती. बाकीची घरी होती, मी महिन्याला त्यांच्या घरी जाऊन औषधाच्या गोळ्या मोजायचे.

म्हणून तुला सांगते, त्यांना आधी एकच विचार: गेल्या दोन वर्षांत किती मुलं घरी परत गेली, आणि ती आता कशी आहेत? उत्तर देताना ते अडखळले तर थांब.

साताऱ्याचा_कार्यकर्ता

मावशींनी लिहिलंय ते इथेही तंतोतंत लागू आहे. मी साताऱ्यात बाल संरक्षणाच्या कामात आहे. आपल्या 2015 च्या बाल न्याय कायद्यातच आहे की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. 2009 मध्ये संयुक्त राष्ट्रांनीही हेच मान्य केलं. रोमानियात 136 बाळांचा अभ्यास झाला. अनाथालयातून घरात, पालक कुटुंबात गेलेली मुलं संस्थेत राहिलेल्यांपेक्षा पुढे गेली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. अनाथालयाला पोती धान्य द्यायला लोक मला दर आठवड्याला फोन करतात, पण आपल्या सरकारच्या बालसंगोपन योजनेत अशा मुलाला घरी सांभाळायला महिना 2250 रुपये मिळतात हे त्याच गल्लीतल्या आजीला माहीत नसतं. तिचा अर्ज भरून द्यायला कुणी येत नाही.

केनियानं 2017 मध्ये नवीन बालगृहांची नोंदणी थांबवली आणि 2022 मध्ये मुलांना कुटुंबात नेण्याचं दहा वर्षांचं धोरण आणलं. त्या संस्थेची नोंदणी चालू आहे का, हे कागदावर बघा. तोंडी नको.

मिरजेची_नर्स

मावशी, दोनदा वाचलं, यांनाही वाचून दाखवलं. रांगेशी आलं आणि हे उठून बाहेर गेले. आम्ही आज त्या संस्थेला तो प्रश्न पाठवतोय. कृष्णाकाठदादा, तुमचंही मनाला लागलं. उत्तर नीट आलं नाही तर पहिल्यांदा तुम्हालाच विचारीन. मावशी, परवान्याचं काय लागतं? आणि एक, तिथली मुलं "आई" म्हणायला लागली तर काय म्हणायचं? माझ्याच्यानं नाही म्हणवणार नाही.

किसुमूहून_परत

कागदपत्रांचं थोडक्यात. धार्मिक आणि सेवाभावी कामासाठी "क्लास आय" परमिट लागतं, ते संस्थेनं काढायचं. मुलांना डिपेंडंट पास. तिथे नर्स म्हणून हात लावायचा तर त्यांच्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हवी, आपली चालत नाही, त्याला वेळ लागतो, आत्ताच सुरुवात कर. पिवळ्या तापाची लस निघायच्या निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच, आणि ते कार्ड जपून ठेव, परत येताना मुंबईत बघतात. तळ्याकाठी मलेरिया फार. माझ्या मुलाला दोनदा झाला. मच्छरदाणीशिवाय एक रात्रही नाही.

"आई"चं. पहिले काही महिने पोरं "मम्मी" म्हणायची आणि मला गोड वाटायचं. माझीही दोघं मम्मीच म्हणायची, त्यामुळे एकाच वेळी दहा हाका यायच्या आणि मी सगळ्यात मोठ्यानं ओरडणाऱ्याकडे वळायचे. रांगेची गोष्ट घडल्यावर त्या सोशल वर्करलाच विचारलं. ती म्हणाली, आमच्यात बाईला तिच्या थोरल्या लेकराच्या नावानं हाक मारतात. "मामा" आणि पुढे लेकराचं नाव. म्हणजे अमकीची आई. कुणाला वाईट वाटत नाही, उलट मान असतो. दुसऱ्याच दिवशी तिनं सगळ्या पोरांना बसवून सांगितलं, आजपासून असं म्हणायचं.

काल लेकीला फोनवर विचारलं, तुला ते आठवतंय का. म्हणाली, "मग? आवारातलं अगदी शेवटचं पोर पण तुला बोलवायचं तर आधी माझं नाव घ्यायचं."