एक्सेलमध्ये सीसीचं (कॅश क्रेडिटचं) व्याज गोल गोल फिरतंय, सोडवा कुणीतरी

ताळेबंदवाली: मंडळी मदत हवीय. चाकणजवळ सुट्या भागांची कंपनी आहे आमची, बँकेकडे सीसी लिमिट (लागेल तसं उचलायच्या खेळत्या कर्जाची मर्यादा) वाढवून मागायचंय म्हणून पुढच्या वर्षाचं महिनावार कॅश फ्लो मॉडेल करतेय. व्याज महिन्याच्या सरासरी बॅलन्सवर (उचललेल्या रकमेवर) काढलं, पण व्याज वाढलं की बॅलन्स वाढतो नि बॅलन्स वाढला की व्याज, त्यामुळे सर्क्युलर रेफरन्सची वॉर्निंग. इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन (एक्सेल तेच गणित पुन्हा पुन्हा करून उत्तराजवळ जातं ते सेटिंग) चालू केलं, दोन दिवस मस्त चाललं. काल विक्रीच्या सेलमध्ये चुकून 'नंतर' असं टाइप झालं आणि शीटभर #व्हॅल्यू! आकडा परत टाकला तरी जात नाहीये, साहेब उद्या बघणार आहेत 😭

एफ_नाइन: व्याजाच्या अख्ख्या ओळीत ० टाका, एरर जाईल, मग फॉर्म्युला परत ओढा. एरर त्या चक्रात अडकून स्वतःलाच पोसत बसतो. पुढच्या वेळेसाठी एक स्विच सेल ठेवा, १ असेल तर व्याज मोजायचं, ० असेल तर शून्य. आणि हो, दुसरी फाइल आधी उघडी असेल तर इटरेशनचं सेटिंग तिचं लागतं, साहेबांच्या लॅपटॉपवर वॉर्निंग परत येऊ शकते.

बीजगणित_प्रेमी: इटरेशन हवंच कशाला? महिन्याचा दर र, ओपनिंग बॅलन्स स, व्याज सोडून महिन्याची तूट त. व्याज = र × (स + त/२) ÷ (१ − र/२). चक्रच नाही, उत्तर तेच.

जुना_खातेदार: हुशार आहात सगळे, पण १०% दराने महिन्याला ६० लाखांची तूट धरली तरी ओपनिंगवरच्या आणि सरासरीवरच्या व्याजात महिन्याला फरक किती, तर साधारण २५ हजार. बँक व्याज रोजच्या बॅलन्सवर लावते, म्हणजे सरासरीसुद्धा अंदाजच. खरी गोम महिन्याच्या आत आहे. पगार ७ ला, जीएसटी २० ला, आणि मोठ्या कस्टमरचे पैसे येतात २८-२९ ला. आमच्या मॉडेलमध्ये महिनाअखेर ४० लाख लिमिट शिल्लक दिसायचं आणि २१ तारखेला सप्लायरचा चेक परत गेला, फोनवर काय काय ऐकलं ते इथे लिहीत नाही. आठवडावार करा, अ‍ॅडव्हान्स टॅक्स ज्या महिन्यांत १५ तारखेला भरायचा तिथे तो टाका, आणि लिमिटबरोबर ड्रॉइंग पॉवरची (स्टॉक वगैरे बघून बँक प्रत्यक्षात उचलू देते त्या रकमेची) पण ओळ ठेवा, स्टॉक कमी झाला की तीही खाली येते.

ताळेबंदवाली: ० टाकून एरर गेला, थँक्यू! @जुना_खातेदार, फक्त जुलै आठवडावार करून बघितला, तिसऱ्या आठवड्यात आम्ही मागणार होतो त्या लिमिटच्याही १८ लाख वर जातोय. आता बाकीचे ११ महिने करत बसलेय, डबा तसाच पडलाय.