चिनी वाचताना अडणारं मूल: दोष नजरेचा की भाषेचा?

शांघायची_आई
लेक आठ वर्षांचा, इथल्या चिनी शाळेत दुसरीला. घरी मराठी, बाहेर चिनी. दोन चिन्हांत त्याची रोज गल्लत होते. एक 'निरभ्र', उच्चार छिंग. दुसरं 'डोळा'मधलं, उच्चार जिंग. उजवा भाग दोन्हींत तोच. डावीकडच्या उभ्या चौकटीत एक आडवी रेघ असली तर सूर्य, दोन असल्या तर डोळा. एका क्लासवाल्याने सांगितलं, हा डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन शिकण्यातली अडचण आहे, तीही नजरेची. तीन महिने स्क्रीनवर ठिपके शोधायचा व्यायाम केला की वाचन सुधारेल. फी ऐकून घाम फुटला, पण मला पटतंय. इंग्रजीचं काम २६ अक्षरांत भागतं. इथे सहावीअखेर सुमारे ३,००० चिन्हं ओळखायची, २,५०० लिहायची. डोळेच दमणार ना?

खडू_फळा
ताई, फी भरायची घाई नको. चिनी म्हणजे नुसती चित्रं, हा आपला जुना गैरसमज. दहातल्या आठेक चिन्हांत एक भाग अर्थाकडे बोट दाखवतो, दुसरा उच्चाराकडे. तुमच्या त्या उजव्या भागालाच पाण्याची खूण जोडा, 'स्वच्छ'. वाणी जोडा, 'विनंती'. हृदय जोडा, 'भावना'. सगळे उच्चार छिंगच्या आसपास, फक्त सूर वेगळे. हे घराणं ओळखीचं झालं की मूल रेघा मोजत बसत नाही. बीजिंगमधल्या मुलांवरच्या २००६ च्या अभ्यासात डिस्लेक्सिया असलेली मुलं ठळकपणे मागे पडली ती शब्दाचे अर्थपूर्ण तुकडे पाडण्यात. ते काम भाषेचं आहे, बुबुळांचं नाही.

एका_नजरेत
खडूसाहेब, डोळ्यांना इतकं स्वस्तात सोडू नका. पाच अक्षरं २०० मिलीसेकंद दाखवायची आणि किती टिपली ते विचारायचं. थोडक्यात, नजरेचा घास केवढा ते मोजायचं. २००७ मध्ये फ्रेंच आणि ब्रिटिश मुलांवर हे काम प्रसिद्ध झालं. ध्वनी नीट ओळखणाऱ्या काही डिस्लेक्सिक मुलांचाही घास लहान निघाला. चिनीत तर दोन शब्दांमध्ये जागाच सोडत नाहीत, सलग ओळ. कुठे तोडायचं हे नजरेनेच ठरवायचं. शिवाय 'मोठा'च्या चिन्हाला वर उजवीकडे टिंब दिलं की 'कुत्रा', खाली दिलं की 'फार'. आपल्याकडे घ-ध, भ-म यांत पोरं अडखळतात, तेव्हा 'भाषा कच्ची' म्हणता का तुम्ही?

खडू_फळा
पहिलीत म्हणत नाही, चौथीत म्हणतो.
आणि कुठे तोडायचं ते नजर एकटी कसं ठरवेल? शब्द माहीत असेल तरच ओळ तुटते.
घास लहान म्हणून वाचन अडलं, की वाचन कमी म्हणून घास लहान राहिला? २०११ च्या एका अभ्यासात हाँगकाँग, कोरिया, इस्राएल आणि स्पेनमधली बालवाडीतली मुलं तपासली. आकार ओळखण्यात पहिल्या दोन ठिकाणची पोरं पुढे निघाली. म्हणजे लिपीही नजर घडवत असणार. म्हणून दहा वर्षांच्या अडखळणाऱ्या मुलाची तुलना त्याच्याइतकंच वाचणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाशी करावी लागते. नुसती समवयस्कांशी केली तर कारण कुठलं आणि परिणाम कुठला, कळत नाही.

एका_नजरेत
हा मुद्दा मान्य. पण तो दोन्हीकडून कापतो. 'भाषेचे तुकडे पाडता येत नाहीत' हेही कमी वाचल्यामुळे असू शकतं की! तुमच्या बीजिंगच्या मुलांनाही तीच कसोटी लावा.

खडू_फळा
लावू. तोवर ताई, एक करा. कागद बाजूला ठेवा आणि ते दोन शब्द त्याला नुसते तोंडी विचारा.

शांघायची_आई
आत्ताच जेवताना विचारलं. 'यानजिंग' म्हटल्यावर त्याने लगेच डोळ्याला बोट लावलं. 'छिंगथ्येन' म्हणजे काय, तर गप्प. निरभ्र दिवस हा शब्दच त्याच्याकडे नाही. घरी आम्ही 'ऊन पडलंय' म्हणतो ना!

खडू_फळा
मग नसलेला शब्द तो वाचणार कसा? कदाचित हा डिस्लेक्सियाच नसेल.

एका_नजरेत
एका शब्दावरून निकाल नको. अशी वीस चिन्हं काढा, ज्यांचे शब्द त्याला बोलता येतात. तिथेही तो अडला तर रीतसर तपासणी करून घ्या, क्लासवाल्याकडे नव्हे.

शांघायची_आई
यादी करायला घेतलीय. क्लासवाल्याचा मेसेज आलाय, सवलत आजपुरतीच म्हणे.