टोमॅटो-कांद्यासाठी जुना ४०७ घ्यावा की १४ फुटी आयशर?

शिवार_निफाड
तालुका निफाड. टोमॅटो पिंपळगाव बसवंतला, कांदा-टोमॅटो हंगामात अधूनमधून वाशीला. पिकअप आता पुरत नाही. सेकंडहँड टाटा ४०७ (१० फुटी) घ्यावा की आयशर १०.५९ (१४ फुटी)? बीएस-३ की बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचे टप्पे)? गाडी चालवणाऱ्याकडे साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन आहे. गाडी बघायला गेल्यावर नेमकं काय तपासायचं?

कमानपाटा
भाऊ, आधी माल मोजा, मॉडेल नंतर. टोमॅटोचं कॅरेट साधारण ५४ बाय ३६ सेंटिमीटर. हौदा आतून सहा फूट रुंद धरला तर १० फुटी गाडीत एका थरात २५ बसतात, १४ फुटीत ३५. भरलेलं कॅरेट २२ किलोचं. म्हणजे ४०७ मध्ये पाच थर लावले की पावणेतीन टन झाले, आणि बऱ्याच जुन्या ४०७ ची पासिंग (कागदावर मंजूर भार) तेवढी नसते. तिथे चार थर, १०० कॅरेट, हाच हिशोब धरा. १४ फुटीत पाच थर म्हणजे १७५ कॅरेट, ३,८५० किलो. आरसीवरच्या (नोंदणीपत्रावरच्या) जीव्हीडब्ल्यूमधून, म्हणजे भरलेल्या गाडीच्या मंजूर एकूण वजनातून, रिकामं वजन वजा करा, उरेल तेवढाच माल. विकणाऱ्याचं ‘सहा टन आरामात ओढते’ ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं.

लायसनचं म्हणाल तर जीव्हीडब्ल्यू ७,५०० किलोच्या आत असेल तर एलएमव्ही चालतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने हे पक्कं केलंय. १०.५९ घेताना हा आकडा आरसीवर बघाच.

आता तपासणी. लोक बॉनेट उघडून इंजिन ऐकत बसतात. इंजिन बांधता येतं, वाकलेली चासी सरळ होत नाही. सतरंजी टाका, बॅटरी (टॉर्च) घेऊन खाली शिरा. मागच्या कमानीचे (पाट्यांच्या स्प्रिंगचे) हँगर ब्रॅकेट जिथे चासीला रिव्हेट केलेत तिथे केसासारखी चीर, ताजा रंग, वेल्डिंगचा टाका किंवा वरून मारलेली जादा पट्टी दिसली की गाडी ओव्हरलोड चालली आहे असं समजा. रिव्हेटच्या जागी नट-बोल्ट का, तेही विचारा. गाडी सपाट जागी उभी करून मागून बघा, हौदा एका बाजूला झुकलेला असेल तर पाटा तुटलाय किंवा कमान बसलीय.

पुढचं चाक जॅकवर घ्या. वर-खाली धरून हलवा. खेळ (सैलपणा) आला की मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. तरी हलतंय तर किंगपिन-बुश (ज्यावर चाक वळतं तो खिळा), थांबलं तर चाकाचं बेअरिंग. प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) हाताने पिळून त्याचा सांधा, म्हणजे क्रॉस, बघा, सेंटर बेअरिंगचं रबर फाटलंय का तेही.

पंप_नोझल
इंजिन थंड असतानाच स्टार्ट करायचं. पोचल्या पोचल्या मॅनिफोल्डला (इंजिनावरच्या धुराच्या नळीला) हात लावा, गरम असेल तर थांबा किंवा उद्या या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा येत असेल तर नोझल (डिझेल फवारणारा), टायमिंग किंवा हेड गॅस्केट. काळा असेल तर आधी एअर फिल्टर बघा, मग नोझल आणि टर्बो. आयडलवर ऑइल भरायचं झाकण उलटं ठेवा. ते उडत असेल, भकाभका वाफ येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. रेडिएटरमध्ये बुडबुडे किंवा डिपस्टिकवर दुधाळ ऑइल असेल तर परत फिरा.

बीएस-३ चा साधा पंप तालुक्याच्या गावी दुरुस्त होतो. बीएस-४ (देशभर एप्रिल २०१७ पासून) बहुतेक कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं जास्त दाबाचं इंजेक्शन. मायलेज बरं, पण डिझेलमधल्या पाण्याने इंजेक्टर जातात. सेपरेटरचं (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरचं) पाणी सोडायची सवय असेल तरच घ्या. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ तुमच्या कामाला नको: १५-२० किलोमीटरची फेरी आणि लिलावाच्या रांगेत इंजिन चालू, यात डीपीएफचं (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं) रिजनरेशन, म्हणजे काजळी जाळणं, पुरं होत नाही आणि फिल्टर चोंदतो.

शिवार_निफाड
म्हणजे २०१७-१९ ची १४ फुटी? कसारा घाटाची भीती वाटते.

कमानपाटा
भीती रास्त आहे. वाशीला जाताना भरलेली गाडी घाट *उतरते*, त्यामुळे हॉर्सपॉवरपेक्षा ब्रेक महत्त्वाचे. हवेचे ब्रेक असतील तर हवा पूर्ण भरा, इंजिन बंद करा, पेडल मिनिटभर दाबून धरा. काटा घसरत राहिला किंवा सुस्कारा ऐकू आला तर गळती आहे. व्हॅक्यूमवाले असतील तर इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा दाबा, पाय तसाच ठेवून स्टार्ट करा. पेडल थोडं खाली गेलंच पाहिजे. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून गाडी रोखणारा) असेल तर चालतोय का बघा, बऱ्याच गाड्यांत तो जाम होऊन पडलेला असतो.

पासिंग_बुवा
कागदाचं कुणीच बोललं नाही. परिवहनच्या वेबसाइटवर नंबर टाकून फिटनेस, विमा, टॅक्स आणि ई-चलन बघा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, नावावर करायला २९-३०, दुसऱ्या राज्याची असेल तर फॉर्म २८. दिल्लीत नोंदलेल्या जुन्या डिझेल गाड्या स्वस्त पडतात, पण इथला रोड टॅक्स भरल्यावर स्वस्ताई संपते. आठ वर्षांनंतर पासिंग (फिटनेस तपासणी) दरवर्षी, वर पर्यावरण कर. चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. घरचाच माल असला तरी ३,००० किलोंवरच्या जीव्हीडब्ल्यूला परमिट लागतं.

आणि टायर. बाजूचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. जोडीतले दोन टायर एका उंचीचे नसतील तर मोठा टायर एकटा भार घेतो आणि घाटात तोच फुटतो.