उपसा योजनेच्या बंद पाइपलाइनचा माल: कुणी, कधी आणि किती आणावा?

शिंदखेडा_साखळी
राम राम मंडळी. तापीचं पुराचं पाणी बॅरेजवरून उचलून धरणात टाकायचं आणि तिथून बंद पाइपनं शेतात द्यायचं, अशा सुलवाडे-जामफळच्या धर्तीच्या कामाबद्दल विचारतोय. वितरणाला एचडीपीई म्हणजे प्लास्टिकचा पाइप, पीई 100 प्रतीचा, 6 किलो दाबाचा, व्यास 630 ते 315 मिमी. वर काळी माती, मीटर-सव्वा मीटरखाली मुरूम. पाइपवाला, व्हॉल्ववाला, मुरूम-कचवाला आणि चेंबरवाला असे चार पुरवठादार आणि चौघांचे चार वेळापत्रक. पाइपांचे ढीग बांधावर, व्हॉल्वचा पत्ता नाही, तोवर शेतात पेरणी. त्यात आता 'शाश्वत पुरवठा आराखडा' द्यायचाय. गुळगुळीत कागद नकोय, जमिनीवर काय करता येतं ते सांगा.

गिरणाकाठ
भाऊ, सुरुवात कारखान्यापासून करू नका, शेतापासून करा. गहू-हरभरा निघाला की एप्रिल-मे हातात असतात. जूनमध्ये कापूस लागला की चर खोदायला कुणी उभं करणार नाही. केळी-पपई असेल तर ही मोकळी खिडकीही मिळत नाही, त्या गटात बाग निघेल तेव्हाच जायचं. म्हणून आधी गटवार यादी करा: साखळी क्रमांक (पाइपलाइनवर सुरुवातीपासूनचं अंतर), पीक, शेत मोकळं होण्याचा पंधरवडा. ही यादी पाणीवापर संस्थेकडून भरून घ्या, तालुक्याला बसून भरू नका. पांझरा नदीवरच्या जुन्या फड पद्धतीत (सामायिक पाण्याच्या शेत-पट्ट्यांत) कोणत्या फडात काय पेरायचं आणि पाणी कधी हे गावच ठरवायचं, पाटकरी ते राबवायचा. आपल्याला इथं तेवढंच हवंय.

आता उलटा हिशोब. 630 चा एक बट जोड (दोन टोकं वितळवून चिकटवणं) म्हणजे रंध्यानं टोकं तासणं, सुमारे 220 अंशांच्या तापल्या तवीवर वितळवणं, दाब, आणि दाबाखालीच थंड होणं, सगळं धरून तास लागतो. 12 मीटरचा एक नग, दिवसाला 8 जोड म्हणजे 96 मीटर. दोन महिन्यांत लग्नाच्या तिथी, वीज, वारा वजा जाता 50 दिवस धरा: एका मशीनला पावणेपाच-पाच किलोमीटर. यापेक्षा जास्त पाइप त्या खिडकीत मागवला तर तो फक्त ऊन खाणार.

व्हॉल्वची ऑर्डर मात्र डिसेंबरच्या आत. ड्रॉइंग मंजुरी, ओतकाम, लेप, तपासणी यात 10-12 आठवडे सहज जातात. आणि फ्लँजच्या (बोल्टनं जोडायच्या कडेच्या) भोकांचा नमुना ऑर्डरमध्ये लिहाच. 600 च्या फ्लँजला दाबाचा वर्ग पीएन 10 असो की पीएन 16, भोकं 20 च. पण भोकांचं वर्तुळ एकाचं 725 मिमी आणि दुसऱ्याचं 770. डोळ्यांना सारखंच दिसतं, बोल्ट घालायला गेलं की कळतं.

ट्रेलर_हिशोब
वरच्या गणितात वाहतूक जोडतो. 630 चा एसडीआर 26 (व्यास भिंतीच्या जाडीच्या 26 पट) पाइप मीटरला साधारण 44 किलो, 12 मीटरचा नग 528 किलो. 40 फुटी ट्रेलरवर तीन-तीनचे तीन थर, म्हणजे 9 नग, पावणेपाच टन. बाकी गाडीभर हवा. त्याच 630 च्या पोटात 500, त्यात 400, त्यात 315 घातला तर तेवढ्याच जागेत पावणेअकरा टन जातात. डिझेलमध्ये खरी बचत हवी असेल तर ही आहे, आराखड्यात आकड्यासकट लिहा. 9 नग म्हणजे 108 मीटर, म्हणजे एका मशीनला रोज जेमतेम एक ट्रेलर. तोच ठोका धरा.

पण कारखान्यातली तपासणी पाइप एकमेकांत घालण्याआधी झाली पाहिजे. नंतर आतल्या पाइपवरचा छापा कुणालाच दिसत नाही आणि माल परत जातो. उतरवताना आतला पाइप पट्ट्यानं ओढायचा, साखळीनं नाही. ओरखडा भिंतीच्या जाडीच्या दहा टक्क्यांपेक्षा खोल गेला तर तो तुकडा कापावाच लागतो. आणि लहान व्यासाचे पाइप त्याच टापूत लागणारे असतील तरच ही पद्धत परवडते, नाहीतर शेतातून शेतात हायड्रा (क्रेन) फिरवण्यात वाचलेलं डिझेल जातं.

ढीग मीटरभरापेक्षा उंच नको, मेच्या उन्हात खालचे पाइप अंडाकार होतात. भोवती दहा-पंधरा फूट नांगरून घ्या. पऱ्हाट्या पेटवल्या की ठिणगी कुठं जाईल सांगता येत नाही, आणि हा पाइप पेटला की विझता विझत नाही.

अजून एक, थोडं कडू. बिलाचा मोठा हिस्सा पाइप साइटवर पडला की मिळणार असेल तर ठेकेदार पाइपच आणणार, व्हॉल्व कशाला आणेल? चार पुरवठादारांची बैठक घेऊन हे सुटत नाही. बिलाचे टप्पे 'पाइप, व्हॉल्व, चाचणी, पूर्ण झालेली साखळी (पाइपलाइनचा तुकडा)' असे बांधा, समन्वय आपोआप होतो.

काळीमाती
मुरमाबद्दल. 630 ला चर सुमारे 1.05 मीटर रुंद. खाली 150 मिमी, बाजूनं, आणि माथ्यावर 150 मिमी असं भरण धरलं तर मीटरला 0.67 घनमीटर, दबाई-नासधूस धरून 0.8. किलोमीटरला 800 घनमीटर म्हणजे 283 ब्रास. हायवात (मोठ्या डंपरमध्ये) 5 ब्रास धरले तर 57 फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला वाहतूक पास. हे सगळं खाणीतून आणायचं का? तुमच्याकडं सव्वा मीटरखाली मुरूम आहे आणि चर 1.8 मीटर जाईल. तो मुरूम वेगळा काढून 20 मिमीच्या चाळणीतून घ्या, निम्म्याहून जास्त गरज जागेवर भागते.

अट एकच: दोन ढीग. काळी एका बाजूला, मुरूम दुसऱ्या. भरताना मुरूम खाली, काळी वर. पोकलेनवाल्याला मोकळं सोडलं तर सगळं एकत्र करतो, मग शेतात पांढरा पट्टा राहतो, त्यावर वर्षानुवर्षं पीक खुरटं. पुढच्या गटातला शेतकरी तो पट्टा बघूनच चर अडवतो. लोक याला 'सामाजिक अडचण' म्हणतात, आहे ती पोकलेनची अडचण. काळीची ढेकळं पाइपला लागू देऊ नका. वाळली की दगड, भिजली की फुगते.

आणि मेअखेरीस उघडा चर ठेवू नका. मीटरभर 630 पाइप पाणी बाजूला सारतो 312 किलोचं, त्याचं वजन 44. चरात पाणी भरलं की रिकामा पाइप तरंगून वर येतो, आणि खाली गाळ शिरला की पुन्हा बसत नाही. मधल्या भागावर लगेच माती, फक्त जोड उघडे, दोन्ही टोकांना झाकण.

शिंदखेडा_साखळी
बिलाचे टप्पे आणि दोन ढीग लिहून घेतले. पण जोड उघडे ठेवून पाण्याच्या दाबाची चाचणी घ्यायची तर मेमध्ये पाणी कुठलं? इथं पिण्यालाच टँकर असतात.

गिरणाकाठ
630 चा एक किलोमीटर भरायला 2,65,000 लिटर, म्हणजे 10,000 चे 26-27 टँकर. मेमध्ये ते मागूच नका. पाचशे-पाचशे मीटरचे तुकडे करा, एकाची चाचणी झाली की तेच पाणी डिझेल पंपानं पुढच्यात ढकला. पहिलं भरण आणि गळतीची भर एवढंच पाणी लागतं. एचडीपीई दाबाखाली थोडा फुगतो, त्यामुळं पहिल्या तासात काटा उतरला म्हणून चर उकरायला धावू नका, पुन्हा दाब भरून मग मोजा. व्हॉल्वची अंतिम जुळणी पहाटे करा. तापमानात 30 अंशांचा फरक पडला तर 100 मीटर पाइप अर्ध्या मीटरच्या वर आखडतो, दुपारी कसलेला फ्लँज रात्री ताण घेतो.

ट्रेलर_हिशोब
आराखड्यासाठी शेवटचा आकडा. पंपाची एकूण कार्यक्षमता 75 टक्के धरली तर 1 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी 1 मीटर वर चढवायला सुमारे 1,03,000 युनिट लागतात, दरवर्षी. ऊर्ध्वगामी नलिकेचा (पंपापासून वर पाणी चढवणाऱ्या पाइपचा) व्यास एक पायरी कमी करून पोलाद वाचवलं असं कुणी दाखवलं, तर घर्षणाचे किती मीटर वाढले ते आधी विचारा. चेंबरच्या काँक्रीटमध्ये दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची राख जरूर घाला, पण ती बचत यापुढं चिल्लर आहे.